डोंगरी तोफ ओळखायची तर आधी तिचे सांधे शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हुतात्मा स्मारकासमोर चौथऱ्यावर एक लहान तोफ आहे. पूर्वी ती छावणीत होती, एवढंच ठाऊक आहे. तिच्यावर काळ्या रंगाचे थरावर थर चढलेत. तोंड सिमेंटने बुजवलंय, पण कडेकडेने मोजलं तर आतला व्यास सात सेंटिमीटरच्या आसपास भरतो. नळीच्या मध्यावर एक जाड कडं आहे. मागचं बूड उघडणारं दिसतं, पण गंजून बसलंय. पुढे ढाल नाही. फलकावर ‘१९६२च्या युद्धातील तोफ’ असं लिहिलंय आणि जुनी मंडळी ती मराठेशाहीतली असल्याचं सांगतात. सेनेची ही नेमकी कोणती डोंगरी तोफ, आणि ते ठरवायचं कसं?

माझा अंदाज आधीच सांगून टाकतो: ही बहुधा ब्रिटिश अमदानीतली दहा पौंडी ब्रीच-लोडिंग माउंटन गन, म्हणजे दहा पौंडांचा गोळा टाकणारी आणि बुडाकडून भरायची डोंगरी तोफ असावी. ती १९०१ साली स्वीकारली गेली आणि पहिल्या महायुद्धात भारतीय माउंटन बॅटऱ्यांनी, म्हणजे डोंगरी तोफांच्या तुकड्यांनी, भरपूर वापरली. फलकही चुकलाय आणि जुनी मंडळीही. पण ‘बहुधा’ हा शब्द काढून टाकायचा असेल तर काही गोष्टी तुम्हाला जागेवर जाऊन तपासाव्या लागतील.

तोफ ओळखायची म्हटलं की बहुतेक जण टेप घेऊन तोंडाचा व्यास मोजतात आणि तो आकडा इंटरनेटवर शोधतात. मैदानी तोफांना हे काही अंशी चालतं, डोंगरी तोफांना नाही. आपल्या सेनेच्या डोंगरी तोफांमध्ये एकेका व्यासाच्या दोन-दोन, तीन-तीन तोफा आहेत आणि त्यांच्यात कधी कधी ऐंशी वर्षांचं अंतर असतं. म्हणून व्यास मोजा, लिहून ठेवा आणि बाजूला ठेवा. डोंगरी तोफ ओळखायची ती कुठे कुठे सुटी होते त्यावरून. ती खेचराच्या पाठीवर चढवता यावी, याच एका अटीवर तिचा सगळा घाट बेतलेला असतो. नळी किती लांब, गाडा कसा, धक्का शोषणारी यंत्रणा आहे की नाही, हे सगळं एका जनावराला किती वजन पेलेल यावर ठरलं. त्यामुळे सांधे सापडले की काळ सापडतो, आणि काळ सापडला की नाव फार दूर राहत नाही.

हे एका उदाहरणाने नीट कळेल. १८६०च्या दशकात ब्रिटिशांनी तोंडाने भरायची, आतून पीळदार खाचा पाडलेली सात पौंडी डोंगरी तोफ आणली. आधी काही ब्रॉन्झच्या होत्या, पुढे पोलादाच्या आल्या. १८६८ साली ब्रिटिश सेनापती रॉबर्ट नेपियरची जी मोहीम मुंबईहून जहाजं भरून आजच्या इथिओपियाला, म्हणजे तेव्हाच्या अ‍ॅबिसिनियाला गेली, तिच्यात पोलादी सात पौंडी होत्या. या तोफेच्या एका प्रकाराची नळी दीडशे पौंडांची, दुसऱ्याची दोनशे पौंडांची, म्हणजे सुमारे ९१ किलो. अख्खी नळी एका खेचरावर जायची. पण तेवढ्या वजनात नळी आखूडच होणार. आखूड नळीतून गोळा हळू सुटतो आणि जवळच पडतो. वायव्य सरहद्दीवर समोरच्या टेकडीवरून चांगल्या बंदुकांचा मारा होऊ लागला तेव्हा हे परवडेना.

मग १८७९च्या सुमारास अडीच इंची ‘स्क्रू गन’ आली. कर्नल ल मेझरिए यांची कल्पना अशी की नळीचे दोन तुकडे करायचे. बुडाकडचा एक, तोंडाकडचा एक, प्रत्येक साधारण दोनशे पौंडांचा. दोन खेचरांवर दोन तुकडे न्यायचे आणि मोर्चावर पोचल्यावर बासरीचे भाग जोडावेत तसे आटे फिरवून जोडायचे. जनावरावरचा बोजा तेवढाच राहिला आणि नळी चारशे पौंडांची झाली. गाडा, चाकं, आस अशी बाकीची ओझी धरून एका तोफेला पाच खेचरं लागत. दुसऱ्या अफगाण युद्धात ती पहिल्यांदा कामाला आली.

तुमच्या तोफेच्या मध्यावर जे जाड कडं आहे, ते हेच असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे सर्वात आधी तिकडे बघा. हे कडं शोभेचं असेल, म्हणजे नुसती ओतीव किंवा कातलेली पट्टी असेल, तर तिच्या दोन्ही कडा नळीशी एकजीव असतात. सांध्याचं कडं असेल तर एका बाजूला तरी बारीक, सरळ, गोल फिरलेली फट असते. रंगाने ती भरून जाते, पण नख फिरवलं की अडकतं. पाना किंवा दांडा अडकवायला कड्यावर खाचा किंवा भोकं असू शकतात आणि त्यांच्यातही रंग साचलेला असतो. दोन्ही भाग योग्य जागी येऊन बसलेत हे कळावं म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना जुळणाऱ्या रेघा कोरलेल्या असतात, त्या सापडल्या तर शंकाच उरत नाही. आणि एक तपासणी जरूर करा: दोन्ही अर्ध्यांवरचे क्रमांक. छावणीच्या आवारात वर्षानुवर्षं पडून असलेल्या तोफांमध्ये एकीचं बूड आणि दुसरीचं तोंड असा संसार कधी कधी जुळवलेला असतो. अशा वेळी दोन वेगळी वर्षं दिसतात आणि माणूस उगाच गोंधळतो.

सांधा आहे हे ठरलं की पुढचा प्रश्न बुडाचा. अडीच इंची स्क्रू गन तोंडाने भरायची, त्यामुळे तिचं बूड बंद, घट्ट, मागे उघडणारं काही नाही. वर बत्ती देण्याचं बारीक छिद्र तेवढं असतं. तुमच्या तोफेचं बूड उघडणारं असेल तर अडीच इंची बाद झाली. व्यासही जुळत नाही म्हणा. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर, तुमचा आकडा सत्तरच्या जवळ आहे. इथे एक सूचना: पीळदार नळीचा व्यास खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजायचा नसतो, दोन खाचांमधल्या उंच पट्टीपासून समोरच्या उंच पट्टीपर्यंत मोजायचा. रंगाचे थर आणि सिमेंट यांमुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. साधी टेप नको, कॅलिपर वापरा आणि चार दिशांनी मोजा.

आता ६९.८५ मिलिमीटर, म्हणजे २.७५ इंच. या व्यासाच्या आपल्या सेनेत दोन तोफा होत्या आणि इथेच खरी मेख आहे.

पहिली दहा पौंडी. बुडाने भरायची, नळी दोन तुकड्यांत, गोळा दहा पौंडांचा. पण धक्का शोषायला काहीही नाही. बार झाला की अख्खा गाडा मागे उसळायचा आणि तोफखान्याच्या जवानांनी तो परत ढकलून जागेवर आणायचा. चाकांना दोर बांधून नाहीतर चाकांखाली अडसर लावून हा धक्का कसाबसा आवरायचा. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्याबरोबर २१व्या कोहाट आणि २६व्या जेकब्ज या भारतीय माउंटन बॅटऱ्या उतरल्या, त्या याच तोफा घेऊन.

दुसरी २.७५ इंची, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर आलेली. ही दहा पौंडीचीच सुधारून वाढवलेली बहीण. व्यास तोच, नळी तशीच दोन तुकड्यांची, गोळा साडेबारा पौंडांचा. फरक असा की ही नळी पाळण्यात, म्हणजे गाड्यावरच्या एका लांबट खोबणीत, बसते आणि धक्का शोषणारी यंत्रणा तिला मागे सरकू देऊन परत पुढे आणते, गाडा जागेवर राहतो. म्हणून हिला पुढे ढाल लावता आली, कारण आता जवान तोफेला चिकटून उभे राहू शकत होते. मेसोपोटेमिया, सालोनिका आणि वायव्य सरहद्द इथे ती वापरली गेली. हिला सहा खेचरं लागत.

तेव्हा तुमच्या तोफेच्या नळीखाली बघा. खाली वाकून, टॉर्च घेऊन. नळी थेट गाड्यावर बसलीय, म्हणजे बाजूचे आडवे खुंट, ज्यांना ट्रनियन म्हणतात, ते नळीतूनच निघून गाड्याच्या खाचांत टेकलेत? मग दहा पौंडी. की नळी एका लांबट खोबणीत बसलीय आणि ट्रनियन नळीचे नसून त्या खोबणीचे, म्हणजे पाळण्याचे आहेत? मग २.७५ इंची. ढाल नाही यावर विसंबू नका. ढाली काढल्या जातात, गंजून पडतात, भंगारात जातात. ढाल कधी होती का हे आसेजवळच्या कंसांवरून आणि बोल्टच्या रिकाम्या भोकांवरून कळतं. तुमच्या वर्णनात पाळण्याचा उल्लेख नाही आणि पाळणा नजरेतून सुटेल इतका लहान नसतो. मी दहा पौंडीकडे झुकलो तो यामुळेच.

सत्तर मिलिमीटरवर आणखी एक चकवा आहे, तो ब्रिटिश नाही. इंफाळ-कोहिमाच्या लढाईनंतर जपानी तोफा लुटीतून आपल्याकडे आल्या. जपान्यांच्या टाइप ९२ या छोट्या पायदळी हॉवित्झरचा (हॉवित्झर म्हणजे उंच कोनात गोळा टाकणारी आखूड नळीची तोफ) व्यास बरोबर ७० मिलिमीटर आहे. पण ती दिसायला अगदी वेगळी. नळी बुटकी, गाड्याचे पाय मागे दोन बाजूंना फाकणारे, नळीवर जपानी अक्षरं. एकदा पाहिली की परत चुकणार नाही. जपानी नावांमधल्या आकड्यांनी मात्र पुष्कळ जण फसतात. टाइप ९२ म्हणजे जपानी राजवर्ष २५९२, आपलं १९३२. टाइप ९४ ही ७५ मिलिमीटरची डोंगरी तोफ १९३४ची. पण टाइप ४१ या डोंगरी तोफेतला ४१ हा मेजी सम्राटाच्या कारकिर्दीतला, म्हणजे १९०८. आणि तोफेवर कोरलेलं उत्पादनाचं वर्ष शोवा कालगणनेत असेल तर त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे शोवा १५ झालं १९४०. मेसोपोटेमियातून आलेल्या तुर्की लुटीतल्या तोफा बऱ्याचदा जर्मन क्रुप कंपनीच्या असतात. एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं दिसली की क्रुप.

व्यासाचे बाकीचे सापळेही सांगून ठेवतो, कारण हे वाचणाऱ्या इतरांसमोर दुसऱ्या तोफा असतील.

७६.२ मिलिमीटर म्हणजे तीन इंच. जुन्या सात पौंडीचा व्यास तोच आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युगोस्लाव्ह एम-४८ या डोंगरी तोफेचाही तोच. एम-४८ आपल्या सेनेनेही वापरली. एकीला तोंडातून गोळा भरायचा, दुसरीच्या तोंडावर धक्का कमी करणारा मझल ब्रेक. अशा दोन तोफा नुसत्या व्यासावरून ‘एकच’ ठरवल्या जाऊ शकतात, यावर विश्वास बसणार नाही, पण यादीत फोटो नसला की असं होतं. सात पौंडीची पक्की खूण नळीच्या आत असते: रुंद, मोजक्या, तीनच खाचा. तिच्या गोळ्यावर बटणांसारखे उंचवटे असत आणि ते या खाचांत सरकवून गोळा आत ढकलायचा. अडीच इंचीत खाचा आठ. त्यानंतरच्या तोफांत त्या बारीक आणि दाट होत गेल्या.

७५ मिलिमीटरला अमेरिकन पॅक हॉवित्झर (सुटी करून वाहून नेता येणारी) आणि आपली स्वदेशी ७५/२४ पॅक हॉवित्झर. ७५/२४चा अर्थ व्यास ७५ मिलिमीटर आणि नळीची लांबी व्यासाच्या २४ पट, म्हणजे १.८ मीटर. फीत लावून हे जागेवरच पडताळता येतं. तुमच्या फलकावरच्या १९६२ला खरोखर शोभणारी डोंगरी तोफ हवी असेल तर ती अमेरिकन ७५ मिलिमीटर. १९६२च्या लढाईतल्या नामका चू या नदीच्या वरच्या अंगाला त्सांगधर या ठिकाणी त्या विमानातून उतरवल्या होत्या. तिच्यावर इंग्लंडच्या राजाची नाममुद्रा असणार नाही.

३.७ इंचाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे चौथऱ्यांवर दिसणाऱ्या डोंगरी तोफांमध्ये ती महत्त्वाची आहे. क्यू.एफ. (क्विक फायरिंग, म्हणजे झटपट मारा करणारी) ३.७ इंची माउंटन हॉवित्झर १९१७पासून लढाईत आली. व्यास ९४ मिलिमीटर, गोळा वीस पौंडांचा, पल्ला सहा हजार यार्डांच्या थोडा आत, ओझी आठ खेचरांची. नळी हिचीही दोन तुकड्यांत, मध्ये जोडाचं कडं. पण गाड्याचे पाय मागे दोन बाजूंना फाकतात, ब्रिटिशांची असा गाडा असलेली ही पहिलीच तोफ. त्यामुळे नळी बरीच वर उचलता येते आणि गाडा न हलवता डावी-उजवीकडे फिरवताही येते. वझिरिस्तान, ब्रह्मदेशची लढाई आणि १९४७-४८चं काश्मीर, सगळीकडे हीच. आधीच्या लाकडी आऱ्यांच्या, नंतरच्या हवेच्या रबरी चाकांच्या. म्हणूनच चाकांवरून वर्ष ठरवू नये. पण याच व्यासाची विमानवेधी तोफही ‘थ्री पॉइंट सेव्हन’ म्हणूनच ओळखली जाते आणि दोघींची नोंदवहीत पार सरमिसळ होते. विमानवेधी तोफेची नळी लांबलचक, तिचं वजन टनांत. समोर उभं राहिलं तर गोंधळाचं कारणच नाही. गोंधळ होतो तो फक्त कागदावर.

जुनी मंडळी मराठेशाहीचं म्हणतात, त्याचा निकाल एका नजरेत लागतो. किल्ल्यांवरच्या तोफा, जंबुरे आणि सुतरनाळा या उंटावरच्या लहान तोफा आतून गुळगुळीत असतात. तुमच्या नळीत सिमेंटच्या कडेने खाचांचे दात दिसतात का बघा. दिसले तर पेशवाईचा विषय संपला. शिवाय बूड उघडणारी, आटे कापलेली नळी तेव्हा कुठून येणार?

आता खुणांकडे वळू. सांध्यांवरून तोफेचा प्रकार कळतो, खुणांवरून तिचं वय आणि गाव. ब्रिटिश बनावटीच्या तोफांवर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या, तोंडाने भरायच्या तोफांच्या डाव्या ट्रनियनच्या सपाट टोकावर कारखाना, क्रमांक, मार्क (म्हणजे त्या नमुन्याची कितवी आवृत्ती) आणि वर्ष असतं. बुडाने भरायच्या तोफांत हाच मजकूर बुडाच्या कड्यावर सापडतो. आर.जी.एफ. म्हणजे वुलिचची रॉयल गन फॅक्टरी, ई.ओ.सी. म्हणजे एल्सविक ऑर्डनन्स कंपनी, व्ही.एस.एम. म्हणजे व्हिकर्स, सन्स अँड मॅक्सिम. मार्क रोमन आकड्यांत असतो, तो वर्षाशी किंवा क्रमांकाशी जोडून वाचू नका. नळीवर वरच्या अंगाला राजमुद्रा: व्हिक्टोरियाची व्ही.आर., एडवर्ड सातव्याची ई.आर. आणि मध्ये सात, पंचम जॉर्जची जी.आर. आणि मध्ये पाच. एडवर्डची कारकीर्द १९०१ ते १९१०, जॉर्जची १९१० ते १९३६. तुमची तोफ माझ्या अंदाजाप्रमाणे दहा पौंडी असेल तर राजमुद्रा एडवर्डची निघण्याची शक्यता जास्त. तीन रेघांचा बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची खूण, त्यावरून तोफेचा प्रकार ठरत नाही. लोक त्याला उगाच महत्त्व देतात.

जुन्या ब्रिटिश तोफांवर वजन तीन आकड्यांत कोरलेलं असतं आणि ते तारीख समजून वाचलं जातं. समजा १-३-४ असं दिसलं. ते हंड्रेडवेट, क्वार्टर आणि पौंड असतं. हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, क्वार्टर २८ पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ८४ अधिक ४, झाले दोनशे पौंड. वर सांगितलेल्या सात पौंडीच्या जड नळीचं वजन तेच.

गाड्याचा मजकूर स्वतंत्र वाचा. आर.सी.डी. म्हणजे वुलिचचा रॉयल कॅरेज डिपार्टमेंट. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, त्यामुळे तिची खूण असलेला गाडा त्याच्या आधीचा असूच शकत नाही, नळी कितीही जुनी असो. नळी आणि गाडा यांची वर्षं जुळली नाहीत तर घाबरू नका, गाडे बदलले जात. आणि कुठलं वर्ष सापडलं तरी ते बनावटीचं असतं, वापराचं नव्हे. १९०३-०४च्या तिबेट मोहिमेत नव्या दहा पौंडींच्या शेजारी जुन्या सात पौंडीही चढून गेल्या होत्या.

उरली नेम धरायची साधनं. ती बहुतेक तोफांवरून केव्हाच गायब झालेली असतात, पण एखादी मोजपट्टी किंवा चक्ती उरली असेल तर ती सोन्यासारखी समजा. अंतर यार्डांत आणि कोन अंशांत असला तर ब्रिटिश वारसा. मीटर आणि मिल (कोन मोजायचं लष्करी एकक) असले तर नंतरची.

रंगाखालचं वाचायचं कसं, हे जमणं-न जमणं धीरावर आहे. अंधार पडल्यावर जा. टॉर्च खुणेवर सरळ मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून बाजूने मारा आणि सावकाश गोल फिरवा. दिवसा सपाट वाटणाऱ्या जागी अक्षरांच्या कडा सावलीने उठून येतात. मग पातळ कागद घट्ट लावून मऊ पेन्सिल आडवी घासा. एकाच खुणेचे तीन-चार ठसे घ्या, कारण ३ आणि ८, १ आणि रोमन एक, ० आणि ६ यांत रंगाचा एक थेंबसुद्धा घोटाळा करतो. एवढ्याने भागलं नाही तर फक्त खुणेपुरत्या जागेत रंग काढायचं जेल आणि लाकडी पट्टी वापरा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, हातमोजे आणि मास्क विसरू नका. ग्राइंडर, तारेचा ब्रश, वाळूचा मारा आणि ॲसिड यांना तोफेजवळ फिरकू देऊ नका. स्मारकाच्या उद्घाटनाआधी उत्साहाने ग्राइंडर मारून ट्रनियन आरशासारखे चकचकीत केलेल्या तोफा मी पाहिल्यात. तेवढ्या दहा मिनिटांत तिचा जन्मदाखला गेलेला असतो.

बूड उघडायचा प्रयत्न करू नका. हातोडा नको, तेल ओतून पान्याने झटकेही नकोत. बऱ्याच तोफांची बुडं त्या देऊन टाकताना मुद्दाम निकामी केलेली असतात. आणि सिमेंटमागे काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. तोंडाने भरायच्या जुन्या तोफांत दारू आणि गोळा तसाच राहिल्याचे प्रकार झालेले आहेत. सिमेंट फोडायचं असेल तर आधी जिल्हा प्रशासनाला लेखी कळवा, बॉम्बशोधक पथक येऊन बघेल. तोफेबरोबर आलेला म्हणून एखादा गोळा चौथऱ्यावर मांडला असेल तर त्यालाही हेच लागू.

कायद्याचं थोडक्यात: शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात तोफा प्रतिबंधित शस्त्रांच्या व्याख्येत मोडतात. तेव्हा कोणी ‘अँटिक’ म्हणून विकत मागायला आला तर त्याला वाटेला लावा आणि तोफेच्या ताब्याचा कागद, म्हणजे छावणीने ती कोणाला, कधी, कोणत्या पत्राने दिली, ते शोधा. त्या पत्रात कधी कधी तोफेचं पूर्ण नाव क्रमांकासह लिहिलेलं असतं आणि वरची सगळी मेहनत वाचते.

तुलनेसाठी नाशिक रोड कँपमधल्या तोफखाना संग्रहालयात जाऊन या, परवानगीची चौकशी आधी करा. तिथे एखादी जोडलेली डोंगरी तोफ बघून सांधा आणि पाळणा यांवर नजर बसवली की फोटोंवरून होणाऱ्या निम्म्या चुका टळतात. आपल्याकडे या विषयाला मुंबईचा धागाही आहे. मुंबई तोफखान्याची गोलंदाजांची जी तुकडी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली, तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. तो दिवस आजही तोफखाना ‘गनर्स डे’ म्हणून पाळतो. १८५७नंतर भारतीयांच्या हाती तोफा ठेवायच्या नाहीत असं ब्रिटिशांनी ठरवलं, तेव्हा मुख्य अपवाद राहिला तो डोंगरी बॅटऱ्यांचा. त्यामुळे तुमच्यासमोरची तोफ दहा पौंडी निघाली तर ती चालवणारे हात भारतीय असण्याची शक्यता मोठी आहे. १९६२चा फलक काढावा लागला तरी स्मारकाचं वजन त्याने कमी होत नाही.

फलक बदलायची घाई मात्र नको. मधला सांधा आणि व्यास नक्की झाला की ‘२.७५ इंच व्यासाची, दोन भागांत जोडली जाणारी डोंगरी तोफ, ब्रिटिशकालीन भारतीय सेना’ एवढं लगेच बिनचूक लिहिता येईल. नाव, मार्क आणि वर्ष ठशांतून निघाल्यावर घाला. मला पाठवायचे असतील तर चार फोटो पाठवा: मधल्या कड्याचा जवळून, बूड मागून, नळी गाड्यावर टेकते ती जागा खालून, आणि डाव्या ट्रनियनचं टोक तिरप्या उजेडात. प्रत्येकात पट्टी ठेवा. अख्ख्या तोफेचा समोरून काढलेला, शेजारी मंडळी उभी असलेला फोटो नको. त्यात या चारपैकी एकही गोष्ट दिसत नाही.